मागचा डावा स्पीकर

आरे कॉलनीत राहणाऱ्या माणसाने घरात पावसाचा आवाज यावा म्हणून पाच स्पीकर, एक वूफर आणि दहा किलोचा रिसिव्हर विकत घ्यावा, याचं मला नेहमी कौतुक वाटतं. जून लागला की इथे पाऊस समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी आणि काही जुन्या घरांत थेट छतातूनही ऐकू येतो. छतातून येणाऱ्या आवाजाचे दुकानदार वेगळे पैसे लावतात. त्याला ॲटमॉस म्हणतात. इथे तो गळतीसकट मिळतो, वर बादलीचा टपटप ताल फुकट.

पण फुकटात मिळालेल्या आवाजाला माणसाच्या लेखी किंमत नसते. गोरेगावच्या चेकनाक्यावरून आत शिरावं, पिकनिक पॉइंट आणि छोटा काश्मीर मागे टाकत मरोळच्या अंगाने बाहेर पडावं. वाटेत तबेल्यांची युनिटं लागतात, आंब्या-फणसाआड दडलेले पाडे लागतात, क्वार्टरांच्या बुटक्या इमारती लागतात आणि कडेकडेने उगवलेले टॉवर लागतात. घर कुठल्याही थरातलं असो, टीव्हीखाली तो काळा खोका असायचाच. शहरात सगळीकडे साउंडबार नावाची पट्टी आली, तरी हा खोका इथे तग धरून आहे. बहुतेक वेळा तो पोराने पहिल्या बोनसमधून घेतलेला असतो, नाहीतर स्वतःला नवीन घेतल्यावर ‘तुमची करमणूक होईल’ म्हणून आईवडिलांकडे रवाना केलेला असतो. दोन्ही बाबतींत पोरगा पुण्याला किंवा बंगळुरूला असतो आणि खोक्याचं माहितीपुस्तक त्याच्याकडेच राहिलेलं असतं.

माझ्याकडे मल्टीमीटर आहे. एवढ्या भांडवलावर मी या भागातला ध्वनितज्ज्ञ झालो. मल्टीमीटर हातात दिसला की लोक चपला बाजूला सारून वाट करून देतात, चहात साखर किती विचारतात, आणि मग घरातली सगळी माणसं मागे उभी राहून एकाच वेळी बोलू लागतात. प्रत्यक्षात तो बहुतेक घरांत पिशवीतून बाहेर काढावाच लागत नाही. रिसिव्हरचं काम तसं साधं आहे. सेट टॉप बॉक्स, मोबाइल, पेन ड्राइव्ह जे काही जोडलं असेल त्याच्याकडून आवाज घ्यायचा, मोठा करायचा आणि ज्या त्या स्पीकरला वाटून द्यायचा. एवढ्यासाठी त्याला पाठीमागे साठ-सत्तर भोकं आणि रिमोटवर पन्नास बटणं दिली आहेत. माणसाला सात-आठ पुरतात. उरलेल्या बेचाळीस बटणांवर माझा धंदा चालतो.

“आवाजच गेला हो अचानक,” हे बोलावणं सर्वांत जास्त येतं. ‘अचानक’ या शब्दावर भर असतो. कुणी काही केलेलं नसतं. पुसताना फडक्याने नॉब फिरून इनपुट ट्यूनरवर गेलेलं असतं, म्हणजे रिसिव्हर बिचारा इमानाने रेडिओ शोधत बसलेला असतो. किंवा ‘स्पीकर बी’ दाबलं गेलेलं असतं आणि बी नावाचे स्पीकर घरात कधी आलेलेच नसतात. एका घरात तर आठ दिवस शुकशुकाट होता. पुढच्या बाजूच्या हेडफोनच्या भोकात नातवाने जाड पिनचा जोड खुपसून ठेवला होता. हेडफोन नव्हता, नुसता जोड. रिसिव्हरला वाटलं, यजमान कानाला लावून ऐकताहेत. त्याने अदबीने स्पीकर बंद ठेवले. मी जोड उपसला आणि मालिकेतली सासू एकदम पूर्ण ताकदीने घरात आली. नातू तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

त्या आठ दिवसांत त्यांच्याकडे आणखी एक जाणकार येऊन गेले होते. त्यांनी खोक्यावर दोन टिचक्या मारून “आयसी उडाली” असं निदान केलं होतं. आपल्याकडे कुठलंही यंत्र बंद पडलं की आयसी उडते. आवाज खरखरला तर कार्बन गेलेला असतो, अधूनमधून आला तर ड्राय सोल्डर असतं, आणि यातलं काही चालण्यासारखं नसेल तर बोर्डच गेलेला असतो. कार्बनची गोष्ट जुन्या ॲम्पच्या बाबतीत खरीही असते. व्हॉल्यूमच्या बटणाखाली कार्बनची पट्टी असे, ती झिजली किंवा तिच्यावर धूळ बसली की बटण फिरवताना शेंगदाणे भाजल्यासारखा आवाज येई. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून बटण दहा-वीस वेळा मागेपुढे फिरवलं की काम भागे. हल्लीच्या रिसिव्हरमध्ये ते बटण गोल गोल फिरतच राहतं, त्याखाली कार्बन नसतो. निदान मात्र अजून तेच चालू आहे.

माझं नेहमीचं घर म्हणजे एका युनिटाच्या मागच्या क्वार्टरमधले मामा. माझे सख्खे नव्हेत. आख्ख्या लाइनीचे मामा. दूध खात्यातली नोकरी संपत आलेली. घरात मामी आणि मामींच्या सासूबाई, म्हणजे सगळ्यांच्या आजी. मुलगा पुण्याला. आजी ऐन तारुण्यात गाणं शिकलेल्या आहेत आणि त्यांचे कान अजून तिथेच आहेत.

पहिली तक्रार त्यांचीच होती. “अरे, हे यंत्र रात्री गातं.” टीव्ही बंद, घर गाढ झोपेत, आणि वूफरमधून बारीक घूंऽऽ. मामांना ते ऐकू येत नव्हतं, मामींना ते फ्रिजचं वाटत होतं. आजींनी मात्र सूर सांगितला. “पांढरी पाच आहे. खर्जातली. आणि किंचित चढी.”

मी चाट पडलो, कारण आजी अगदी बरोबर होत्या. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. तिचा हेलकावा आवाजाच्या तारेत शिरला की स्पीकर ५०चा, आणि त्याबरोबर १००चा वगैरे सूर धरतो. पेटीवरची पांढरी पाच दोन सप्तकं खाली उतरवली की ४९च्या आसपास येते. म्हणजे भारतातला प्रत्येक घूं करणारा ॲम्प हा थोड्या चढ्या पांढरी पाचमध्ये गातो, मग तो गोरेगावात असो नाहीतर गुवाहाटीत. अमेरिकेत वीज ६० सायकलची. तिथला ॲम्प काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधोमध कुठेतरी अडकतो, पेटीवर सापडतच नाही. तिकडच्या मराठी मंडळींना घरची आठवण का येते, याची बरीच कारणं सांगितली जातात. हे कुणी सांगितलेलं नाही. आजींची पंचाईत वेगळी होती. त्यांचा स्वतःचा षड्ज काळी चार. पांढरी पाचला अगदी खेटून. जन्मभर सुरात राहिलेल्या बाईच्या उशाशी रात्रभर कुणीतरी अर्धा सूर खाली गुणगुणत बसायचं.

हे घूं येतं कुठून? वूफरला तीन पिनांचा प्लग असतो, म्हणजे तो भिंतीतल्या अर्थिंगला जोडलेला. केबलवाल्याची वायर येते इमारतीबाहेरून, खांबावरून, तिचं अर्थिंग तिकडे कुठेतरी. केबल सेट टॉप बॉक्सला, बॉक्स रिसिव्हरला, रिसिव्हर वूफरला, वूफर भिंतीला, असा एक मोठा फेरा पूर्ण होतो. दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये जो काही उणा-अधिक दाब असतो, तो या फेऱ्यात फिरत राहतो आणि वूफर ते प्रामाणिकपणे वाजवतो. परीक्षा सोपी. मी केबलची वायर बॉक्समागून उपसली. घूं जागच्या जागी थांबलं. आजींनी डोळे मिटले. चेहऱ्यावर अशी शांती की मला वाटलं, नमस्कार करावा.

“पण मग साडेआठची मालिका?” मामी म्हणाल्या.

वायर परत लावली. घूं परत. समोरच्या घरातले एक गृहस्थ सल्ला द्यायला आलेच होते. ते म्हणाले, वूफरच्या प्लगची जाडी पिन तोडून टाका, आवाज जातो. आवाज जातो हे खरं आहे. पण ती पिन आवाजासाठी नसतेच. आत काही बिघडून करंट बाहेरच्या पत्र्यावर उतरला, तर हात लावणाऱ्या माणसासाठी ती असते. मामी रोज सकाळी त्या वूफरवर ओलं फडकं फिरवतात. मी त्या गृहस्थांना चहाचा कप धरायला दिला, म्हणजे त्यांचे हात गुंतले.

औषध लॅमिंग्टन रोडला मिळालं. बोटभर लांबीचं एक नळकांडं. केबलच्या मध्ये बसवलं की चित्र पलीकडे जातं आणि अर्थिंगचा धागा तुटतो. त्या रस्त्याचं नाव कधीच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झालंय, पण ज्याला कपॅसिटर हवा असतो तो लॅमिंग्टन रोडलाच जातो. मिनर्व्हा टॉकीजही त्याच रस्त्यावर होतं. १५ ऑगस्ट १९७५ला ‘शोले’ लागला, सत्तर एमएममध्ये, स्टिरिओफोनिक आवाजात, आणि मिनर्व्हातून पाच वर्षं हलला नाही. नाणं उडवायच्या प्रसंगी प्रेक्षक खुर्चीखाली वाकून खरंच नाणं पडलं का ते बघायचे, असं त्या काळची माणसं अजून सांगतात. आज आपण घरात पाच स्पीकर लावून तोच चमत्कार शोधतो आणि नाणं पडल्याचा आवाज आला की खिसा चाचपतो. आजी त्या रात्री शांत झोपल्या. सकाळी मामींची तक्रार आली, की घरात फार सुनं सुनं वाटतं.

नंतर गणपती झाले. मग मामींचा फोन. “सिनेमात माणसं नुसती तोंडं हलवतात रे. पाऊस येतो, गाडी येते, सतार येते. बोलणं नाही.”

तोंडं हलवायची आणि आवाज मागाहून भरायचा, ही परंपरा आमच्या शेजारचीच आहे. कुंपणापलीकडे चित्रनगरी आहे, १९७७ पासून. तिथे नट जे बोलत, ते बहुधा पडद्यावर येतच नसे. स्टुडिओत जाऊन पुन्हा बोलून ओठांवर बसवायचं. २००१ साली ‘लगान’मध्ये चित्रीकरणाच्या वेळचाच आवाज ठेवला, तर त्याची बातमी झाली होती. तरी मामींच्या घरी ही परंपरा इतक्या टोकाला जाईल असं वाटलं नव्हतं.

पाच स्पीकरांच्या मांडणीत संवाद जवळजवळ सगळे मधल्या, टीव्हीखालच्या आडव्या स्पीकरमधून येतात. बाकीच्यांकडे पाऊस, सतार, टाळ्या. मी टीव्हीखाली पाहिलं. तिथे पितळी समई होती.

“मधला स्पीकर कुठाय?”

“तो होय,” मामा म्हणाले, “गौरींच्या वेळी आडवा येत होता. माळ्यावर टाकलाय.”

रिसिव्हरला हे कुणी कळवलं नव्हतं. त्याच्या हिशेबी मधला स्पीकर जागेवर होता. गेले तीन आठवडे तो नायक-नायिकांचं एकूण एक वाक्य निष्ठेने वेगळं काढून, मोठं करून, मागच्या दोन मोकळ्या खिळ्यांवर आणून सोडत होता. असंख्य प्रेमप्रकरणं, दोन-तीन मृत्युपत्रं आणि एक खुनाचा कबुलीजबाब समईमागच्या भिंतीवर वाया गेला. इलाज दोन होते. स्पीकर माळ्यावरून काढायचा, नाहीतर सेटिंगमध्ये जाऊन मधला स्पीकर ‘नाही’ असं लिहायचं. मग रिसिव्हर संवाद डाव्या-उजव्यात अर्धे अर्धे वाटतो आणि माणूस मधूनच बोलल्याचा भास होतो. माळ्यावर चढायचं म्हटल्यावर मामांचे गुडघे आठवले. आम्ही ‘नाही’ लिहिलं. आता तो स्पीकर माळ्यावर वेताच्या पाळण्याशेजारी आहे आणि संवाद झकास येतात.

टॉवरमधल्या गिऱ्हाइकांचं दुखणं वेगळं. तिथे वस्तू महाग आणि माणूस शिकलेला, त्यामुळे चूक सापडायला वेळ लागतो. एका गृहस्थांनी स्पीकरची वायर परदेशातून मागवली होती. अंगठ्याएवढी जाड, विणलेलं कव्हर, टोकाला सोन्याचा मुलामा दिलेल्या पिना. “बेसच नाही,” ते म्हणाले. “आणि गायक नक्की कुठे उभा आहे कळत नाही. खोलीभर फिरतोय.” त्यांनी भिंतीला फोम लावला होता, गालिचा बदलला होता, सोफा दीड फूट पुढे ओढला होता. बायको माहेरी गेली होती. कारण मी विचारलं नाही.

मी भिंतीवरचं घड्याळ उतरवून त्यातला पेन्सिल सेल काढला. स्पीकरची जाळी काढली, रिसिव्हरकडची टोकं सोडवली आणि सेलचं अधिक टोक लाल खिळ्यावरून सोडवलेल्या तारेला, उणं काळ्यावरच्या तारेला, नुसतं टेकवलं. ठक्. उजव्या स्पीकरचा पडदा पुढे आला. डाव्याला टेकवलं. ठक्. पडदा आत गेला. एका स्पीकरच्या मागे लाल-काळं उलटं लागलं होतं. एक पडदा हवा पुढे ढकलतो त्याच क्षणी दुसरा मागे ओढतो. जाड आवाज एकमेकांना खाऊन टाकतात आणि गायक बेघर होतो. वायरी इतक्या देखण्या होत्या की लाल आणि काळा हे रंग त्यांना शोभत नव्हते. दोन्ही जांभळ्या होत्या, फरक फक्त एका बारीक रेघेचा. मी टोकं बदलून लावली. तबला जमिनीवर बसला, गायक मधोमध आला. गृहस्थ म्हणाले, “वायर तापून मोकळी झाली असेल. कंपनीने सांगितलं होतं, शंभर तास लागतात.” मी सेल घड्याळात परत घातला आणि निघालो.

उन्हाळ्यात मात्र सगळ्या थरांत एकच साथ येते. सिनेमा रंगात आला की टक् करून सगळं बंद. पाच मिनिटांनी चालू, पुन्हा टक्. रिसिव्हर तापतो, आणि फार तापला की स्वतःला वाचवायला आतला रिले सोडतो. त्याच्या डोक्यावर जाळी असते ती ऊन हवा बाहेर जायला. आपल्या घरात सपाट पृष्ठभाग मोकळा दिसला की त्यावर काहीतरी ठेवायचा प्रघात आहे. आधी क्रोशाचा रुमाल येतो. मग त्यावर शिर्डीहून आणलेली तसबीर, लग्नाचा फोटो, शोभेची बाहुली, लाइटबिल. आतमध्ये ट्रान्झिस्टर होरपळत असतो आणि वर रुमालाची झालर हलत असते. रुमाल उचला म्हटलं की घर गप्प होतं, कारण तो कुणाच्या तरी रुखवतातला असतो.

एका घरी रुमाल काढूनही टक् थांबेना. तेव्हा मी पाड्यावरच्या एका पोराला बोलावलं. तो हळदीला, गणपतीला साउंड लावतो. शाळेत असताना ४४४० नंबरची आयसी आणून स्वतः ॲम्प जोडायचा, त्यामुळे ‘आयसी उडाली’ म्हणणाऱ्यांविषयी त्याचं मत फारसं चांगलं नाही. त्याने प्लग काढला, थोडा वेळ थांबला, झाकण उघडलं आणि टॉर्च मारला. पॉवर सप्लायच्या दोन खिळ्यांमध्ये एक पाल आडवी, कधीची वाळून कडक झालेली. “गरमीला येतात दादा. थंडीपावसात यांना आत बरं वाटतं.” मग पिना तपासल्या, बुरशी आलेली स्पीकरची टोकं कापून ताजं तांबं काढलं, पीळ घातला. एकही बारीक केस बाहेर राहू दिला नाही, कारण तो केस शेजारच्या खिळ्याला चिकटला की परत टक्. आरेच्या दमट हवेत तांबं दोन पावसाळ्यांत हिरवं पडतं. घरमालकाने विचारलं, आवाज आणखी चांगला कसा येईल? पोराने मागच्या दोन स्पीकरांकडे पाहिलं. एक झुंबराला बांधलेला, एक फ्रिजमागे. “हे दोन काढा. लय बरं वाजेल.” मालकांना ते पटलं नाही. दोन स्पीकर कमी करून घेण्याचे पैसे द्यायचे?

रात्रीचा प्रश्न उरतोच. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सांगतात, की राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहानंतर ४५. बेडकांना हे कुणी वाचून दाखवलेलं नाही, पण माणसाला पाळावं लागतं. अडचण अशी, की सिनेमात कुजबुज आणि स्फोट यांच्यात दरी इतकी ठेवतात की कुजबुज ऐकायला आवाज वाढवावा आणि स्फोटाने मूल उठावं. मामींचा अंगठा रिमोटवर कायम तयारीत. त्यासाठी रिसिव्हरमध्ये नाइट मोड असतो. तो मोठा आवाज खाली दाबतो, बारीक वर उचलतो. आरेतल्या माणसाला हे पटकन समजतं, कारण दारा खुरोडींनी दुधाचं हेच केलं होतं. १९४९ साली शहरातले तबेले हलवून ही कॉलनी उभी राहिली, त्यामागचे ते दूध आयुक्त; टोन्ड दुधाची कल्पनाही त्यांचीच. म्हशीच्या घट्ट दुधात पावडर आणि पाणी घालून साय उतरवायची, पण सगळ्यांच्या वाट्याला कपभर तरी यायला हवं. नाइट मोड म्हणजे टोन्ड आवाज. रसिक नाकं मुरडतात, घर झोपतं.

आता मामांच्या घरचं ते शेवटचं प्रकरण. दिवाळीआधी मुलगा व्हिडिओ कॉलवर आला आणि म्हणाला, ऑटो सेटअप करून टाका. खोक्यासोबत एक छोटा माइक येतो. तो सोफ्यावर, बसल्यावर जिथे कान येतात तिथे ठेवायचा. मग रिसिव्हर एकेका स्पीकरमधून सुईंऽ असा आवाज काढतो, माइकने ऐकतो आणि कोण किती फुटांवर बसलाय ते स्वतः मोजतो. लांबच्याचा आवाज उशिरा पोहोचतो, म्हणून जवळच्यांना तो हिशेबाने थांबवून धरतो. अट एकच. घरात टाचणी पडायला नको.

सोफ्यावर पोळ्यांचा डबा, त्यावर फरसाणाचा डबा, त्यावर माइक, अशी उंची जमवली. पहिला सुईं निघाला आणि मागच्या युनिटात म्हैस हंबरली. पडद्यावर इंग्रजीत पाटी आली, आजूबाजूचा आवाज फार आहे. दुसऱ्या वेळी तीन म्हशी. कॉलनीत बत्तीस युनिटं आणि सोळा हजारांच्या घरात गुरं आहेत. सगळी एकाच वेळी गप्प असण्याचा योग पंचांगात नाही. रात्री करावं तर मध्यरात्र उलटली की धारांची तयारी, बादल्या, हाका. पहाटे करावं तर कोंबडा, त्याच्यामागे कुत्री, कुत्र्यांमागे दूधवाल्यांच्या मोटारसायकली. शेवटी मामींनी कुकर बंद केला, आजींनी जप मनात घेतला, मामांनी फ्रिजचा प्लग काढला, आणि दुपारच्या एका सुस्त फटीत ते मोजमाप पार पडलं. अगदी शेवटच्या सुईंला मागून काहीतरी खसपसलं, पण पाटी आली नाही.

निकाल: पुढचे दोन आठ फूट, वूफर अकरा फूट, मागचा उजवा सहा फूट. मागचा डावा ३८ फूट.

मामांची बैठकीची खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत जेमतेम बारा फूट आहे. ३८ फूट म्हणजे खिडकीतून बाहेर, मोरी ओलांडून, करवंदीच्या जाळीत. “खसपसीने गोंधळलं असेल, हाताने सहा लिहून टाकू,” मी म्हटलं. मुलगा पडद्यावरून म्हणाला, “काका, हात लावू नका, मशीन माणसापेक्षा अचूक असतं.” पोराचा शब्द मामांना प्रमाण. राहिलं ३८.

वाघबारस झाली. पाड्यावर वाघदेवाला नारळ फुटले. त्यानंतर एका रात्री नऊच्या सुमारास मामांचा फोन. “मागच्या डाव्यातून करकर येते रे. थांबून थांबून.”

गेलो. ऐकलं. खरंच येत होती. लाकडावर करवत ओढावी तशी, खर्र-खस, खर्र-खस, मग बंद, मग परत. टीव्हीवर जुना कौटुंबिक सिनेमा चालू होता, त्यात सुतारकाम नव्हतं. मी रीतीने निघालो. आधी स्पीकरच्या मागची तार घट्ट केली. करकर चालू. मग रिसिव्हरच्या मागे डाव्याची तार उजव्याच्या जागी आणि उजव्याची डाव्याच्या जागी लावली. दोष आतला असेल तर करकर उजवीकडे जायला हवी, तारेतला किंवा स्पीकरमधला असेल तर डावीकडेच राहील. डावीकडेच राहिली. म्हणजे स्पीकर. मग स्पीकरच सोडवला आणि उचलून मांडीवर घेतला.

खर्र-खस.

मांडीवरचा स्पीकर गप्प होता. मामांनी सिनेमा थांबवला. मी रिसिव्हर बंद केला, भिंतीवरचं बटणही पाडलं. एव्हाना माझ्या लक्षात आलं, की लाइनीतलं एकही कुत्रं भुंकत नाहीये. करवत आपली चालूच, मागे, डाव्या हाताला, करवंदीच्या जाळीत. बिबट्याची साद अशीच असते, डरकाळी नव्हे, करवत.

मामींनी एका हाताने खिडकी लावली, दुसऱ्या हाताने दाराची कडी तपासली. मामांनी बाहेरचा दिवा लावून लाइनीतल्या प्रत्येक घरी फोन केले, पोरं आत घ्या म्हणून. आजींनी बसल्या जागी हात जोडले आणि कान देऊन म्हणाल्या, “याचा सूर लागत नाही.”

अर्ध्या तासाने तो गेला असावा; कुत्र्यांना वाचा फुटली. मी तारा परत जागेवर लावल्या, रिसिव्हर चालू केला आणि आता तरी तो आकडा दुरुस्त करावा म्हणून रिमोट उचलला. मामांनी तो माझ्या हातून काढून घेतला.

“राहू दे,” ते म्हणाले. “अडतीस फूट बरोबर आहे.”